ट्रकात काय, खांद्यावर काय?

लोणंदच्या तळावर रात्रीचे आठ वाजले तरी आमच्या दिंडीचा ट्रक आला नव्हता. दुपारपासून पावसानं झोडपून काढलं होतं. माझे कोरडे कपडे, अंथरूण आणि बॅटरी ट्रकात होती. रेनकोटसुद्धा ट्रकातच होता, कारण पहाटे निरभ्र आभाळ बघून मीच तो पिशवीत कोंबून वर चढवला होता. अंगावर ओला पंजाबी ड्रेस. खांद्यावरच्या पिशवीत कॅमेरा, दोन पुस्तकं, बिस्किटांचे चार पुडे आणि लोकांच्या पिशव्यांचं वजन करायला मुद्दाम आणलेला हुकाचा काटा. यातलं काहीच पावसाला उपयोगी नव्हतं.

शेजारी परभणीकडच्या एक मावशी बसल्या होत्या. माझे दात वाजायला लागलेले त्यांनी ऐकले असावेत. त्यांनी डोक्यावरचं मेणकापड काढलं, दातानं कडेला चीर पाडली आणि टर्रकन अर्धं फाडून माझ्या हातात दिलं.

“घे. कापड ट्रकात ठिवायचं नसतं, माय.”

ही माझी तिसरी वारी. पहिल्या खेपेला सामान फार नेलं, दुसऱ्या खेपेला फार कमी नेलं, आणि यंदा हवं तेवढंच नेलं पण नको तिथं ठेवलं. वारीवर अभंगाच्या अंगानं लिहिलं जातं, समाजशास्त्राच्या अंगानं लिहिलं जातं, हल्ली ड्रोनमधून दिसणाऱ्या दिवे घाटाच्या अंगानंही लिहिलं जातं. त्या रात्री अर्ध्या मेणकापडाखाली बसून मी ठरवलं, की आपण पिशवीच्या अंगानं लिहायचं.

तीन हिशेब

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. तुकोबांची देहूहून एक दिवस आधी, सप्तमीला. माऊलींची वाट पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशी जाते. अडीचशे किलोमीटरच्या घरातलं अंतर आणि अठरा-वीस दिवस. रोजचा हिशेब काढला तर हे काही फार चालणं नव्हे. पण सरासरीनं वारी चालता येत नाही. पुणे ते सासवड हा टप्पा एका दिवसात तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवे घाटाचा चढ, आणि तिथीचं गणित असं की तो दिवस बहुधा वद्य एकादशीचा, म्हणजे उपासाचा. पुढे तरडगावसारखा एखादा टप्पा इतका छोटा, की दुपारीच तळ पडतो आणि लोक कपडे धुवायला विहिरी शोधत फिरतात.

सामान ठरवताना वारकरी तीन हिशेब करतो: दिवस किती, पाऊस किती आणि रात्री कुणाच्या आधारानं पडायचं. पहिले दोन पंचांग आणि आभाळ सांगतं. पिशवीचं वजन मात्र तिसऱ्यावर ठरतं.

ट्रक भरण्याचं शास्त्र

आमच्या दिंडीत सव्वाशे माणसं. एक ट्रक, एक टेम्पो, एक पाण्याचा टँकर. प्रत्येकानं भिशी भरलेली. त्या भिशीत दोन वेळचं जेवण, चहा, तंबूत पाठ टेकण्यापुरती जागा आणि ट्रकात एक पिशवी. एकच, हे दिंडीचालक आळंदीत तीनदा सांगतात आणि पहाटे ट्रकाशी दीडशे पिशव्या जमतात.

ट्रक लावणारे काका सातारकडचे. पंचवीसेक वर्षं तेच हा ट्रक लावतात. तळाला तंबूचे बांबू आणि पाइप, त्यावर सतरंज्या, एका कडेला पराती, कढया, डाव आणि शेगड्या, आणि सगळ्यात वर माणसांचं सामान. “पूर्वी वळकट्या यायच्या,” ते म्हणाले. “वळकटी कुठंबी दाबून बसती. आता चाकाच्या बॅगा येत्यात. चाकं फिरवायची कुठं, काळ्या रानात?” तळ शेतात पडतो. पाऊस झाला की काळी माती चपलेला किलोकिलोनं चिकटते, तिथं चाकाच्या बॅगेचं काय होत असेल ते सांगायला नको. ती डोक्यावरच न्यावी लागते आणि डोक्यावर घ्यायला ती केलेलीच नसते.

ट्रकाचा नियम साधा आहे. जी पिशवी शेवटी चढते ती संध्याकाळी पहिली उतरते. म्हणून प्रत्येकाला पिशवी शेवटी द्यायची असते, आणि शेवटी देणाऱ्याला काकांचा आवाज ऐकावा लागतो. पिशव्याही सगळ्या सारख्याच. एकाच बाजारातून घेतल्यासारख्या निळ्या-काळ्या. अंधारात आपली ओळखायची म्हणून कुणी बंदाला लाल चिंधी बांधतं, कुणी जुन्या साडीचा काठ. जुन्या माणसांच्या पत्र्याच्या पेट्यांवर ऑइलपेंटनं नाव, गाव आणि दिंडीचा क्रमांक. जेवणाच्या ताटांवर नाव कोरलेलं असतं. एका आजींच्या ताटावर लग्नाची तारीख होती, नवऱ्याचं नाव होतं आणि भांडं देणाऱ्या मामाचंही. त्या ताटाला नीट धरून जेवताना तो सगळा गोतावळा बोटांखाली लागतो.

ट्रक पहाटेच निघून जातो आणि संध्याकाळपर्यंत दिसत नाही. तो कोंडीत अडकला, चिखलात रुतला, पंक्चर झाला तर तुमचं घर त्याच्याबरोबर अडकतं. वारीतलं सामान बांधण्याचं सगळं शहाणपण यातूनच येतं. घरातून काय न्यायचं हा पुढचा प्रश्न. ट्रकात काय आणि खांद्यावर काय, हा आधीचा.

हे फार जुनं आहे. ट्रकाच्या आधी बैलगाड्या होत्या. आजच्या सोहळ्याची घडी बसवली ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. साताऱ्याजवळच्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. पालखीपुढचा घोडा, तळावरचा तंबू, दिंड्यांचा क्रम यात फौजेची शिस्त दिसते ती त्यामुळे. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून अश्व येतात आणि तंबूही त्यांच्याकडचाच, ही प्रथा अजून चालू आहे. म्हणजे माऊलींच्या पादुकांनाही राहुटी लागते, आणि ती वाहून आणणारं कुणीतरी लागतंच.

गाडीत कुणाची भांडी आहेत यावरून कुणाची पंगत कुठं बसणार हेही ठरत असे. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख ज्यांनी वाचला असेल त्यांना एकाच दिंडीत ब्राह्मणांचं आणि मराठ्यांचं जेवण वेगळं असल्याची त्यातली खंत आठवत असेल. आमच्या दिंडीत कढई एकच होती. सगळ्याच दिंड्यांत तसं असेल असं मी म्हणणार नाही.

पंचा, मेणकापड, लुगडं

आता खांद्यावरचं. पहिल्या वर्षी मी टर्किश टॉवेल नेला होता. पुण्यात तो भिजला तो थेट फलटणला सुकला, आणि मधले सगळे दिवस ओल्या टॉवेलचं वजन आणि वास दोन्ही मी वाहिलं. शेजारच्या बुवांच्या खांद्यावर पंचा होता. सकाळी त्यानं अंग पुसलं, तो पिळून डोक्याला गुंडाळला, दहा वाजता तो वाळला. दुपारी त्यावर भाकरी ठेवून जेवले. झोपताना तोंडावर घेतला, माश्यांसाठी. केळी मिळाली तेव्हा त्याचंच गाठोडं झालं. एका पंच्यानं पाच वस्तूंची सुट्टी केली.

तसंच मेणकापडाचं. वाटेवर ते रिळावरून कापून विकतात. त्याचं इरलं होतं, सतरंजीखालची ओल अडते, पंगतीत मांडीखाली येतं, आणि ट्रक न आल्यास तेच घर होतं. महागडा रेनकोट फक्त रेनकोटच असतो. आतून घामानं भिजवतो ते वेगळं.

कपड्यांच्या बाबतीत सुती ते पवित्र अशी माझी एक पुणेरी समजूत होती. जुने वारकरी टेरिकॉटचा नेहरू शर्ट घालतात, कारण तो तासाभरात वाळतो. जीन्स वाळत नाही. ओली जीन्स मांड्यांना घासून जे करते त्यावर खोबरेल तेलाशिवाय उपाय नाही. ते तेल मात्र प्रत्येक बाईच्या पिशवीत असतं, छोट्या बाटलीत, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून.

नऊवारी लुगडं वाळवण्याची रीत बघण्यासारखी आहे. पहाटे टँकरच्या पाण्यात लुगडं धुतलं की दोघीजणी त्याची दोन टोकं धरतात आणि चालायला लागतात. मधे हिरव्या रंगाचं नऊ वार शीड. वारा मिळाला तर तासा-दीड तासात वाळतं. मग तिथंच रस्त्याच्या कडेला घडी होऊन ते डोक्यावर जातं. चालणारीला दोरी लागत नाही, चिमटे लागत नाहीत. दुसरी बाई लागते.

पायाचं सांगायचं तर नवे बूट घेऊन वारीला जाऊ नये, एवढं एक वाक्य पुरे. मी गेले होते. सासवडला दोन्ही टाचांना फोड आले आणि दोन दिवस मी बूट गळ्यात अडकवून कुणाच्यातरी रबरी चपलेत चालले. जुनी सवयीची चप्पल सगळ्यात चांगली. तुटली तर वाटेवर शिवून देणारे बसलेले असतात आणि पुष्कळ ठिकाणी पैसे घेत नाहीत. पालखीमार्ग आता रुंद झालाय, नवं डांबर उन्हात तव्यासारखं तापतं. अनवाणी चालण्याचं व्रत असलेली माणसं कडेची माती शोधत चालतात.

पुण्याचं दान घाटात चढतं

माझ्या हुकाच्या काट्याचा सगळ्यात मोठा शोध पुण्यातला. आळंदीत मी ज्यांच्या पिशव्या काट्याला लावल्या होत्या, त्यांतल्या चौघांच्या पुणे सोडताना पुन्हा लावल्या. चारही जड झाल्या होत्या. एकाची तर दीड किलोनं.

पुण्यात दोन मुक्काम असतात. माऊलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. या दोन दिवसांत पुणेकर वारकऱ्यांना जेवू घालतात, पाय चेपून देतात, दाढ्या करून देतात, आणि वस्तू वाटतात. रेनकोट, टोप्या, छापील पिशव्या, साबण, बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू, केळी, पाण्याच्या बाटल्या, औषधांची पाकिटं. देणाऱ्याचा हात मागं येत नाही आणि वारकऱ्याला नको म्हणता येत नाही. दिलेलं प्रसाद म्हणून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे हे सगळं दान दिवे घाट चढायला लागतं. माथ्यावर पोचेपर्यंत निम्मं वाटेतल्या पोरांना वाटलेलं असतं, आणि उरलेलं सासवडला कुणीतरी दुसऱ्याला देतं.

देणाऱ्यांना एकच सुचवावंसं वाटतं. दान द्या, पण पोटात जाईल असं द्या. नाहीतर सुई-दोरा घेऊन बसा. यंदा एका कोपऱ्यावर एक शिंपी शिलाईमशीन घेऊन बसला होता आणि पिशव्यांचे तुटलेले बंद, उसवलेल्या चेनी शिवून देत होता. त्याच्यापुढची रांग रेनकोटवाल्यापेक्षा मोठी होती. त्यानं कुणाच्याही खांद्यावर एक ग्रॅम वाढवला नाही.

आमचा ट्रक म्हणजे हे डोस्कं

इथपर्यंत मी लिहिलं ते भिशी भरलेल्यांचं. रथापुढे सत्तावीस दिंड्या, रथामागे त्याच्या कितीतरी पट. आणि त्यांच्या आगेमागे, अधेमधे चालतो तो मोकळा समाज. कुठल्याच दिंडीत नसलेली माणसं. त्यांच्यातल्या बहुतेकांना ना ट्रक, ना तंबू. शाळेची पडवी, देवळाचा सभामंडप, एसटी स्टँड, बंद दुकानाची पायरी इथं त्यांचा मुक्काम. जेवण गावोगावच्या अन्नदानात.

बरडच्या अलीकडे असं एक जोडपं भेटलं. हिंगोलीकडचं, दोघंही साठीच्या पुढचे. पेरणी उरकून निघालेले. बाईच्या डोक्यावर सहा किलो, बाबांच्या डोक्यावर साडेआठ. दोघांचं मिळून वीस दिवसांचं घर: दोन वाकळा, एक मेणकापड, दोन ताटं, एक तांब्या, एकेक जादा कपडा, चटणीचा डबा आणि टाळ. “तुमचं सामान कुठल्या ट्रकात?” असं मी सवयीनं विचारलं. बाबा हसले.

“आमचा ट्रक म्हंजी हे डोस्कं.”

मी माझ्या पिशवीचं वजन केलं. कॅमेऱ्यासकट सहा किलो. वर ट्रकात आणखी अकरा. मोकळ्या डोक्यानं, हात हलवत चालणारी मी, त्या जोडप्याहून जास्त सामान घेऊन वारीला आले होते. ते सगळं फक्त माझ्या अंगावर नव्हतं.

कमी सामानात प्रवास करण्याच्या गप्पा आम्ही शहरातली माणसं फार मारतो. माझा भाचा स्पेनमधली सांतियागोची वाट चालून आलाय. तिथले यात्रेकरू एक ठोकताळा सांगतात: पाठीवरचं ओझं अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. साठ किलोच्या माणसाला सहा किलो. त्यासाठी तो टूथब्रशचा दांडा कापून गेला होता. पण ज्यांना तेही नको, त्यांची पिशवी पुढच्या मुक्कामी नेऊन ठेवणाऱ्या गाड्या तिथंही आहेत. आणि एवढं ग्रॅमग्रॅम वाचवणारी ती माणसं घरून एक दगड मात्र आणतात. वाटेत एका उंच खांबावर लोखंडी क्रूस आहे, त्याच्या पायथ्याशी तो ठेवतात. तिथं दगडांची टेकडी झालीय. अनावश्यक काहीच न्यायचं नाही असं ठरवलेल्या माणसालाही एखादी निरुपयोगी वस्तू न्यावीशी वाटते, हे मला फार आवडलं.

नर्मदा परिक्रमेत याच्या अगदी उलटी रीत होती. शूलपाणीच्या झाडीत भिल्ल परिक्रमावासीयांना अडवून अंगावरच्या वस्त्रांपर्यंत सगळं काढून घेत. परिक्रमा करणारे त्यांना ‘मामा’ म्हणत आणि ही लूटही मैयाची इच्छा समजून पुढे जात. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हऽर हर’मुळे मराठी घरांत ही झाडी ओळखीची झाली. त्या झाडीचा मोठा भाग आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. लुटीचं कौतुक करायचं कारण नाही. मामांच्या दारिद्र्याचा तो हिशेब होता. पण झाडीपलीकडच्या पहिल्या गावात नागड्या माणसाला कुणीतरी धोतर देत असे, म्हणूनच परिक्रमा पुरी होई. पुढच्या गावावर भरवसा नसता तर तिथून मागेच फिरावं लागलं असतं.

जी खाली ठेवत नाहीत

बरड ते नातेपुते या वाटेवर मी आमच्या विणेकरी बुवांना विचारलं, वीणेचं वजन करू का? मी टाळ मोजले होते. पितळी जोडी, पाऊण किलो. तुळशीवृंदावन मोजलं होतं. आता ते फायबरचं मिळतं, पण एक आजी पितळी घेऊन चालत होत्या आणि त्याचं वजन ऐकून त्यांनीच कानाला हात लावला. पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन चालणारी बाई होती. तिच्या हंड्याचं वजन दर मैलाला बदलायचं, कारण ती येणाऱ्या-जाणाऱ्याला पेल्यानं पाणी देत होती आणि रिकामा झाला की पुन्हा भरत होती. आख्ख्या दिंडीत तहान सगळ्यांची, हंडा तिचा.

बुवा म्हणाले, “वीणेला काटा नाही लावायचा, माऊली.”

दिंडीत वीणा जमिनीवर ठेवत नाहीत. आळंदीला गळ्यात आली की ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात राहते. बुवांना जेवायचं असेल, अंग धुवायचं असेल, पाठ मोडून आली असेल तर दुसरा पुढे येतो. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. वयाचा, मानाचा प्रश्न नाही. त्या दिवशी दुपारी बुवांनी ती एका विशीतल्या पोराच्या गळ्यात घातली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. पोरगा संकोचला, पण वीणा गळ्यात होती, त्यामुळे त्याला मागं सरता येईना.

मी काटा पिशवीच्या तळाशी घातला. त्या दिवसापासून कुणाची पिशवी मोजली नाही. फक्त शेवटी एकदा.

हरवलं, सापडलं

तळावर पालखी आली की समाजआरती होते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावतो आणि ‘होऽऽ’ असा पुकारा करतो. क्षणात सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकतो. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारलं जातं.

मी ती यादी तीन संध्याकाळी लिहून घेतली. सापडलेल्या वस्तू: टाळाची जोडी, चष्मा, साडेतीनशे रुपये असलेली चंची, मोबाइल, चांदीचं जोडवं, दातांची कवळी, आणि एक पिशवी, आत गोळ्या आणि आधार कार्ड. हरवलेल्यांच्या यादीत वस्तू थोड्या, माणसंच जास्त. अमक्या गावची अमकी बाई, अंगावर हिरवं लुगडं, दिंडी क्रमांक अमुक. प्रत्येकीच्या अंगावर हिरवंच लुगडं. पण बहुतेक सापडतात. साडेतीनशे रुपयांची चंचीही तिच्या धनिणीला परत मिळाली. तिनं नोटा मोजल्या नाहीत.

ज्या लोंढ्यात तुमची कवळीसुद्धा परत मिळते, तिथं सगळं दोन-दोन न्यायची गरज उरत नाही. उलटही खरं आहे. माझ्या पिशवीतली ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू मी कुणावर तरी न ठेवलेला भरवसा होता. जादा टॉवेल, कारण कुणी पंचा देणार नाही. बिस्किटांचे पुडे, कारण कुणी जेवू घालणार नाही.

यावर कुणी म्हणेल, की भरवशावर सगळ्यांनीच निघायचं ठरवलं तर भरवशाचं कुणी उरणारच नाही. बरोबर आहे. म्हणून काही गोष्टींत कुचराई करू नये. स्वतःच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या स्वतःच्या खांद्यावर, दोन दिवस जादाच्या. ओळखपत्र आणि घरचा फोन नंबर कागदावर लिहून, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी हरवल्यावरच संपते. मासिक पाळीचं सामान बायकांनी ट्रकात देऊ नये, आणि वापरलेलं गुंडाळून न्यायला कागद बरोबर ठेवावा. फिरती शौचालयं आता वाटेवर आहेत, पण कुणाच्यातरी शेतात आपण पाहुणे असतो. या वस्तू दुसऱ्याच्या पिशवीत मिळत नाहीत.

सात गाठी

परभणीकडच्या मावशींची पिशवी खताच्या गोणीची, धुऊन, बंद लावून शिवलेली. आळंदीत तिचं वजन साडेतीन किलो भरलं होतं. तेव्हा त्यांनी ती उघडून दाखवली होती. एक लुगडं, एक झंपर, ताट, तांब्या, शेंगदाण्याची चटणी, तेलाची बाटली. गोळ्यांची पट्टी नातवानं दिवसाची एक अशी कापून दिलेली, पुडीवर पेनानं ‘सकाळ’. आणि तळाशी एक रुमाल, त्याला सात गाठी.

“ह्यो काय?” मी विचारलं होतं.

गल्लीतल्या सात घरांतून कुणाला यायला जमलं नाही. एकीचं बाळंतपण, एकाचा गुडघा, एकीची सासू अंथरुणाला खिळलेली, एकाची पेरणी राहिलेली. प्रत्येकानं अकरा-अकरा रुपये दिलेले, पायाशी वाहायला. कोणती गाठ कुणाची हे मावशींना पाठ होतं. वाटेत बसल्या की त्या गाठी चाचपून नावं घ्यायच्या. त्यांच्या पिशवीतलं स्वतःच्या उपयोगाचं नसलेलं सामान तेवढंच होतं, आणि तेच एक त्यांनी कधी ट्रकात दिलं नाही.

पंढरपुरात दर्शनाची रांग काही किलोमीटरवर गेली होती. मावशींनी चंद्रभागेत अंग धुतलं, नामदेव पायरीला डोकं टेकलं, कळसाला हात जोडले. मग पायरीपासून जरा बाजूला बसून एकेक गाठ सोडली. प्रत्येक गाठीला नाव घेतलं आणि पैसे पेटीत टाकले. रुमाल झटकून, घडी करून पिशवीत ठेवला.

नंतर बाजारात त्यांनी चुरमुरे घेतले, बत्तासे घेतले, बुक्क्याच्या पुड्या, कुंकू, दोन तुळशीमाळा, आणि बाटलीत चंद्रभागेचं पाणी. सगळं सात घरांत वाटायचं. एसटी स्टँडवर मी शेवटचा एकदा काटा काढला. पाच किलो दोनशे. येताना जी जागा रिकामी होती ती यासाठीच होती, हे मला तेव्हा कळलं. माझी पिशवी आळंदीतच तुडुंब भरलेली. बुक्क्याची पुडी मला हातात धरून घरी आणावी लागली.

मावशींची गाडी लागली. मी त्यांना त्यांचं अर्धं मेणकापड परत द्यायला लागले तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. म्होरल्या साली लागल.”

ते माझ्याकडे आहे, लोणंदच्या चिखलाचे डाग तसेच. पुढच्या ज्येष्ठात तुम्ही निघणार असाल तर जुनी चप्पल घाला, पंचा घ्या, गोळ्या खांद्यावर ठेवा, पिशवीचा एक कोपरा रिकामा सोडा. मेणकापड ट्रकात देऊ नका. आणि रिळावरून कापून घेताना स्वतःच्या मापाच्या दुप्पट घ्या.